कमोडच्या दुकानातली किडनी

कापडाच्या दुकानात लग्नांचे किस्से साठतात, सोनाराच्या पेढीवर सासू-सुनांचे. माझं दुकान सॅनिटरीचं. कमोड, बेसिन, नळ, पाइप, फ्लशच्या टाक्या. सांगलीहून कुपवाडकडं निघालात, की एमआयडीसी लागायच्या आत डाव्या हाताला. आता माझ्याकडं कसले किस्से साठत असतील, ते सांगायची गरज नाही.

कमोड घ्यायला आलेला माणूस दहा मिनिटांत खरं बोलायला लागतो. सुरुवात 'गुडघा वाकत नाही' पासून होते आणि गाडी 'सारखं उठावं लागतंय' वर येऊन थांबते. डॉक्टरपुढं लाजणारी माणसं माझ्यापुढं लाजत नाहीत. कारण मी तपासत नाही, फक्त भांडं दाखवतो.

शिक्षण म्हणाल तर नववी. पण गिऱ्हाइकांत चार डॉक्टर आहेत आणि मला विचारायची खोड आहे, त्यामुळं किडनीचं काम मला पक्कं ठाऊक झालंय. कमरेच्या जरा वर, पाठीकडून, मुठीएवढ्या दोन. रक्त आत येतं, गाळलं जातं, कामाचं तेवढं परत जातं, कचरा आणि जादा पाणी दोन बारक्या नळ्यांतनं खाली पिशवीत उतरतं. पिशवी भरली की वर निरोप जातो. इतकी वर्षं पाइप विकतोय, पण अशी फिटिंग मी पाहिली नाही. तक्रार एकच, सुटे भाग मिळत नाहीत.

*

हे सगळं लिहायला बसलो ते मंगलमुळं.

मंगल माझ्या दुकानातलं खरं डोकं. अकरा वर्षं काउंटर सांभाळते. कुठला कॉक कुठल्या खणात आहे ते मला माहीत नसतं, तिला असतं. विकण्यात तिचा हात धरणारा कुणी नाही. नवरा-बायको गिऱ्हाईक आलं, नवरा लाजून छताकडं बघायला लागला, की ही शांतपणे सांगते, "दादा, ह्ये भांडं दिसायला देखणं हाय, पण पाणी लय खातंय. तुमच्या घरात माणसं किती, आन् पोटाचा त्रास कुणाला?" नवरा मुकाट्यानं सांगतो.

गेल्या दिवाळीनंतर तिला थंडी वाजून ताप आला. लघवीला जळजळ, कमरेत एका बाजूला ठणका. औषधानं बरी झाली. संक्रांतीच्या आसपास परत तेच. डॉक्टरीणबाईंनी या खेपेला दम दिला. इन्फेक्शन पिशवीतनं वर चढून किडनीपर्यंत पोचलंय, असंच होत राहिलं तर किडनीवर वण पडत जातील, आणि गेलेली किडनी परत येत नाही. भरपूर पाणी प्यायचं आणि लागली की जायचं, दाबून धरायचं नाही.

मंगल तशी कशाला भिणारी नाही. पण तिची थोरली बहीण शिराळ्याहून आठवड्यातनं दोनदा डायलिसिसला सांगलीत येते. सकाळची एसटी, दिवसभर मशिन, संध्याकाळची एसटी. तिला डबा द्यायला मंगलच जाते. त्यामुळं त्या दिवशी दवाखान्यातून आली ती काउंटरवर नुसती बसून राहिली. गिऱ्हाइकानं नळ मागितला, तिनं बिजागरी दिली.

तेव्हा आमच्या चहाच्या मंडळानं ठरवलं, की हिची किडनी आता आपली जबाबदारी. मंडळ म्हणजे चौघं. मी, रफिक प्लंबर, ऊसवाले बापू आणि रिटायर सुभेदार. सल्ला देण्याचा आमचा अधिकार काय, ते आधी ऐका.

*

बापूंचा अधिकार खड्याचा.

बापूंची शेती इस्लामपूरकडं. सगळा ऊस ठिबकवर, म्हणून आठ-पंधरा दिवसांनी पाइपा-जोडण्यांसाठी चक्कर असते. गेल्या उन्हाळ्यात असेच आले आणि बोलता बोलता पीव्हीसी पाइपांच्या ढिगावर आडवे झाले. पाठीतनं कळ निघाली ती खाली जांघेत. घाम फुटला, उलटी झाली. धड बसवेना, धड उभं राहवेना. मी म्हटलं हार्ट. मंगल काउंटरवरूनच म्हणाली, "हार्टवाला माणूस गप पडतोय. ह्यो लोळतोय. मुतखडा हाय."

तोच निघाला. किडनीतनं सुटलेला बारका खडा खालच्या नळीत अडकलेला. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, गोळ्या लिहिल्या, सांगितलं की खडा लहान आहे, पाणी प्या, आपसूक पडेल. कळ थांबल्यावर बापूंना तरतरी आली. म्हणाले, "डॉक्टर, एक इच्यारतो. आमच्या ठिबकच्या नळीत क्षार बसला की आमी अ‍ॅसिड सोडतो. घटकाभर मुरू देतो, मग शेवटाचं बूच काढून फ्लश मारतो. हितं कुठल्या टोकानं सोडायचं?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कुठल्याच टोकानं सोडायचं नाही. वरनं पाणी प्यायचं. खालचं बूच देवानं आधीच काढून ठेवलंय."

खडा पडला की तपासायला आणा, त्यासाठी लघवी गाळून बघा, असंही डॉक्टरांनी सांगितलं होतं. सहाव्या दिवशी बापू टेफ्लॉन टेपच्या डबीत खडा घेऊन दुकानात हजर. मक्याच्या कणीएवढा, काटेरी. रफिकनं तो हातात न घेता चारी बाजूंनी बघितला आणि मान हलवली. म्हणाला, आमच्या लाइनीत हे अडकलं असतं तर फरशी फोडावी लागली असती.

बापू रंगात येऊन सांगत होते, रोज सकाळी कसं गाळायचे, कसं निरखायचे. मंगल चहाचे कप ठेवता ठेवता थांबली.

"बापू, गाळणं नवीन आणलं हुतं न्हवं?"

बापू बराच वेळ आठवत राहिले. "आता घरात दोन कशाला लागत्यात?"

तेव्हापासून बापूंच्या घरी गेलो की आम्ही तिघंही ताक मागतो.

*

माझा अधिकार साखरेचा.

शुगर दहा वर्षांपासून आहे. डॉक्टर म्हणाले, साखरेनं गाळणी हळूहळू सैल होते आणि अंगातलं प्रोटीन लघवीतनं निसटायला लागतं. ते सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही, तपासल्याशिवाय कळत नाही. म्हणून सकाळची पहिली लघवी लॅबमध्ये द्या.

आता मी पडलो दुकानदार. आयुष्यभर एकच शिकलो, की माल दाखवायचा तर चांगलाच दाखवायचा. पहाटे उठून बघितलं तर पहिली लघवी पिवळी धमक, वर जरा फेस. असला माल लॅबवाल्यांना द्यायचा? ती ओतून दिली. तांब्यावर तांब्या असं पोटभर पाणी प्यायलो, दोन तास फेऱ्या मारल्या आणि मग जी आली ती बाटलीत भरली. आरशासारखी स्वच्छ. बाटली पुसली, नाव लिहिलं, झोकात नेऊन दिली.

लॅबमधल्या मुलीनं बाटली उजेडात धरली. एकदा बाटलीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"काका, बोअरचं पाणी आम्ही तपासत नाही."

दुसऱ्या दिवशी खरा माल दिला. प्रोटीन निघालं, थोडं. वेळेवर कळलं, म्हणून गोळी बदलली, मीठ कमी झालं, आणि आता दर सहा महिन्यांनी मी पिवळा धमक माल मान वर करून नेऊन देतो.

*

सुभेदारांचा अधिकार सगळ्यांत मोठा. प्रोस्टेटचा.

सुभेदार म्हणजे ताठ माणूस. रिटायर होऊन वीस वर्षं झाली, तरी सकाळी दहाला दुकानात रिपोर्टिंग आणि संध्याकाळी सहाला ड्युटी खलास. मधल्या वेळेत पेपर, चहा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर देखरेख. ते मंगलचे चुलत सासरे लागतात. दोन्ही घरं आता कुपवाडलाच. ते आत आले की मंगलचा पदर डोक्यावर जातो आणि गिऱ्हाइकापुढं सुऱ्यासारखी चालणारी तिची जीभ बंद होते. अकरा वर्षांत दोघं एकमेकांशी थेट बोललेली मी ऐकली नाहीत. सगळं माझ्यामार्फत. "शेठ, मामंजींना म्हणावं, चहा निवतोय." मामंजी दोन हातांच्या अंतरावर बसलेले असतात.

तर दिवाळीच्या आधी सुभेदारांनी तक्रार आणली, की घरातल्या संडासची फिटिंग बिघडलीय. काय बिघडलंय, तर "टाइम लय लागतोय." रफिक गेला, फ्लश तपासला, ठीक. चार दिवसांनी परत तक्रार. रफिकनं वॉशर बदलला. आठवड्यानं परत. या वेळी माणूस पाठवला, "भांडंच बदला."

तिसऱ्या खेपेला रफिक संडासच्या दाराशी उभा राहिला आणि सुभेदारांना म्हणाला, तुम्ही जाऊन या, मी बाहेर थांबतो. थांबला. आवाज ऐकला. आवाज कसला, थेंब थेंब. मधे विश्रांती. परत थेंब.

सुभेदार बाहेर आल्यावर रफिकनं हत्यारांची पिशवी खांद्याला लावली. "सुभेदार, टाकी भरलेली हाय, पाइप सलामत हाय, मधला वॉल आवळलाय. पर ती लाइन माझ्या हाताखालची न्हाई."

डॉक्टरांनी तेच सांगितलं, फक्त जास्त शब्दांत. पिशवीच्या तोंडाशी एक गाठ असते, प्रोस्टेट. वयानं ती फुगते आणि वाट आवळते. पिशवी पुरती रिकामी होत नाही, म्हणून सारखं सारखं जावं लागतं. बऱ्याच म्हाताऱ्या पुरुषांना होतं, लाजायचं कारण नाही, पण लपवून ठेवलं तर पाणी मागं तुंबतं आणि किडनीवर येतं. गोळी सुरू झाली. आता सुभेदार अर्ध्या-पाऊण तासानं उठतात, पण उठल्याचं सार्थक होतं. रफिक ही केस स्वतःच्या नावावर सांगतो.

*

असं हे अनुभवी मंडळ मंगलच्या मागं लागलं.

रफिकनं बाटली आणली आणि तिच्यावर मार्करनं रेघा मारल्या. अकराची रेघ, एकची, तीनची, पाचची. वर भाषणही दिलं. थांबलेलं पाणी घाण होतं, टाकीत शेवाळ धरतं, तसं पिशवीतही जंतू वाढतात, म्हणून लाइन वाहती पाहिजे. बापूंनी खड्याची डबी परत दाखवायला आणली, पाणी न पिणाऱ्याचं काय होतं ते कळावं म्हणून. सुभेदारांनी घड्याळ सांभाळलं.

"शेठ, सूनबाईला म्हणावं, एक वाजला. दुसरी रेघ."

"शेठ, मामंजींना म्हणावं, झाली."

संध्याकाळी बाटली रिकामी. रोज. आम्ही एकमेकांच्या पाठी थोपटल्या.

दुकानात काउंटरच्या मागं टवका उडालेल्या एका बेसिनमध्ये मी मनी प्लांट लावलाय. पंधरा दिवसांत तो छताला पोचला. पुढच्या आठवड्यात पानं पिवळी पडली आणि खाली गळायला लागली. रफिकनं बोट घालून माती उकरली, वास घेतला आणि मागं झाला.

"शेठ, मुळं कुजल्यात ह्याची. रोज एवढं पाणी कोण घालतंय ह्याला?"

सगळ्यांनी मंगलकडं बघितलं. मंगलनं बिलबुकाकडं.

मी रागावलो. बापू रागावले. सुभेदारांनी माझ्यामार्फत रागावून घेतलं. ती फक्त म्हणाली, "उद्यापासनं पिते." पोरगी भित्री नाही, आळशी नाही, बहिणीचे हाल डोळ्यांनी बघतेय, मग पाणी का पीत नाही, हा प्रश्न आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नाही.

आम्ही बाटली मोठी आणली.

*

फेब्रुवारीत एका सोमवारी ती आलीच नाही. घरून फोन आला, ताप एकशे तीन, कमर धरलीय, दवाखान्यात नेलंय. माझी बायको तडक गेली. दुकान हमालांवर सोडून मागोमाग आम्ही चौघं. बापूंच्या हातात केळी, सुभेदारांच्या हातात चार शहाळी.

खोलीत मंगल सलाइन लावून पडलेली. तोंड कोमेजलं होतं. सुभेदार दारात दिसल्याबरोबर तशा तापातही तिनं मोकळ्या हातानं पदर ओढून घेतला आणि तोंड भिंतीकडं केलं.

डॉक्टरीणबाई आत आल्या. या बाई कमी बोलतात. किडनी या वेळेपुरती वाचलीय, वेळेत आणलंत, एवढं सांगितलं. पुढच्या खेपेचं मी सांगत नाही, म्हणाल्या. मग आमच्याकडं वळल्या.

"हिला पाणी पाजणारे तुम्हीच का?"

मी पुढं झालो. बाटली, रेघा, घड्याळ, सगळी व्यवस्था सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, दुकानात टॉयलेट आहे का.

आता हा प्रश्न मला. मी म्हटलं, "मॅडम, चाळीस आहेत."

"चालू किती?"

"चालू एक. मागच्या बाजूला, गोदामाच्या भिंतीला. पण एकदम स्वच्छ, मॅडम. टाइल्ससुद्धा कंपनीच्या आहेत."

"ही वापरते का ते?"

हे मला कसं ठाऊक असणार. मी बायकोकडं बघितलं, बायकोनं मंगलकडं. मंगल भिंतीकडं.

"सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा ही तुमच्याकडं असते," बाई म्हणाल्या. "आणि त्रास दिवाळीनंतर सुरू झाला. त्याआधी दहा वर्षं काही नाही. दिवाळीनंतर दुकानात काय बदललं?"

मी खरंच आठवून बघितलं. माल तोच, माणसं तीच. "काही नाही, मॅडम. आमचं चहाचं बाकडं तेवढं हलवलं. आधी पुढं दाराशी असायचं. पण आमच्या सुभेदारांना सारखं जावं लागतं, गुडघेही दुखतात, म्हणून मीच म्हटलं, एवढं लांब कशाला चालायचं, बाकडं मागं घेऊ, अगदी संडासच्या दारासमोर..."

बोलता बोलता माझा मलाच आवाज ऐकू यायला लागला.

रफिक छताकडं बघत होता, गळती शोधल्यासारखा. बापूंनी केळी या हातातनं त्या हातात घेतली.

बाईंनी माझ्याकडं शांतपणे बघितलं. "आणि त्या बाकड्यावर दिवसभर कोण बसतं?"

सुभेदारांनी चारही शहाळी पलंगाच्या पायथ्याशी एका ओळीत ठेवली आणि खोलीबाहेर गेले. आम्हाला वाटलं, लागली असेल. दहा मिनिटं झाली, वीस झाली. रफिक खालपर्यंत बघून आला. सुभेदार दवाखान्यात नव्हते.

आम्ही तिघं चारच्या सुमाराला दुकानात परतलो. हमाल फाटकाशी उभे होते. आम्ही उचलतो म्हटलं तर हात लावू दिला नाही, म्हणाले. गोदामापासून फाटकापर्यंत मातीत दोन सरळ रेघा ओढलेल्या होत्या. रेघा संपल्या तिथं रस्ता, आणि रस्त्यापलीकडं कडुनिंबाखाली आमचं बाकडं. बाकड्यावर सुभेदार, घामानं भिजलेले, ताठ, दुकानाकडं पाठ करून बसलेले.

आम्ही रस्ता ओलांडून गेलो. रफिक म्हणाला, "सुभेदार, हितनं संडास लय लांब पडंल की वो तुमाला."

"पडंना," सुभेदार म्हणाले. "बसा."